आनंदाचा दात आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिओनेट आहे, आणि सुरुवातीलाच बजावून ठेवते, मला सनई म्हणायचं नाही. वरातीत लोक माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ती बघ काळी सनई." तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सनई वेगळी, मी वेगळी. सनईची पत्ती, म्हणजे फुंकेनं थरथरणारं पातळ पातं, दोन्ही ओठांत धरतात. माझी पत्ती खालच्या ओठावर टेकते आणि वाजवणाऱ्याचे वरचे दात माझ्या तोंडावर घट्ट रोवलेले असतात. त्या दातांचा आधार गेला की माझा सूर डळमळतो. म्हणून माझी ही कहाणी बरीचशी एका दाताची आहे, आणि तो दात ज्या हाडात उभा होता त्या हाडाची.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका कारागिरानं शिसवीचं लाकूड आतून पोखरलं, बाहेरून गुळगुळीत केलं, भोकं पाडली आणि त्यांवर चकचकीत चाव्या बसवल्या. प्रत्येक चावीखाली चामड्याची इवलीशी गादी असते. ती भोक नीट झाकते म्हणून सूर नीट येतो. पार्सलनं मी मुंबईला आले आणि लालबागच्या दगडू मास्तरांच्या हाती पडले. मास्तर गिरणीत पहिल्या पाळीला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी बँड चालवायचे. त्यांच्या बँडात सगळे गिरणीवालेच. ढोल वाजवणारा सूत कातायच्या खात्यातला, ट्रंपेटवाला बॉयलरवरचा.

मास्तरांनी मला आनंदाच्या हाती दिलं. आनंदा कोकणातून आलेला, साच्यांवर कापड विणणारा तरुण होता. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाला हळू वाजवणं माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं अशी फुंक मारली की चाळीतली माणसं गॅलरीत आली. मास्तर म्हणाले, "अरे, ही क्लॅरनेट हाय, भोंगा नाय." पण मला तो आवडला. त्याचे वरचे पुढचे दोन दात रुंद आणि भक्कम होते. ते माझ्यावर टेकले की आपण योग्य माणसाकडे आलो असं वाटायचं.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि जानेवारीत संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले. चार दिवसांत मिटेल असं सगळे म्हणत होते, पण तो मिटलाच नाही. गिरणगावात लग्नं होत होती, पण बँडाशिवाय. नवरामुलगा खाली मान घालून शेजाऱ्यांबरोबर चालत हॉलवर जायचा. आमच्या बँडातले निम्मे लोक गावाला परतले. आनंदा मात्र गेला नाही. रोज सकाळी तो मला पेटीतून काढायचा, पुसायचा, सूर लावायचा. त्याची बायको रमाबाई चिडून म्हणायची, "चूल पेटत नाय आणि ह्यांची पिपाणी चालू!" पिपाणी हा शब्दही मला आवडत नाही, पण त्या माऊलीला मी कधीच माफ केलं आहे.

आम्हाला जगवलं ते कोळीवाड्यांनी. होड्या समुद्रात जात होत्या, मासळी बाजारात येत होती, आणि माहीम, वरळी, शिवडीला हळदी होत होत्या. कोळ्यांची हळद बँडाशिवाय होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. अंगणात मांडव, नवऱ्यामुलाच्या अंगाला हळद, आणि थकून कोणी खाली बसेपर्यंत नाच. आनंदाची गिरणी पुढे कायमची बंद झाली. त्यानं लाल कोट चढवला, त्यावर सोनेरी दोरी लावली, आणि तो पुरता बँडवाला झाला.

बरीच वर्षं गेली. एका हळदीत तो प्रसंग घडला. घर होतं माहीमच्या गुणवंतीचं. ती दादरच्या बाजारात मासळी विकायची, आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक वळून यायचं. तिच्या थोरल्या मुलाची, हरेश्वरची हळद होती. नवऱ्यामुलाचा मामा हात वर करून गोल गोल नाचत होता. त्याचं कोपर माझ्या टोकावर आदळलं आणि मी सगळ्या जोरानिशी आनंदाच्या तोंडात घुसले. वरचा एक दात मुळापाशी मोडला. मला फार वाईट वाटलं. पण ढकलणारा कोण होता हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी स्वतःला बोल लावत बसले नाही.

गुणवंतीनं पदर खोचला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझे पोराचे हलदीन तुजा दात परला. आता त्यो दात मीच बसवनार. कोनी मधी बोलाचा नाय!"

आणि तिनं ते खरं केलं. दातांच्या एका मोठ्या इस्पितळात ती आनंदाला स्वतः घेऊन गेली. लावायची-काढायची कवळी तिला पसंत नव्हती. "फुंकताना परली म्हंजे?" असं तिनं डॉक्टरांनाच विचारलं. मग तिथं आनंदाच्या वरच्या जबड्यात टायटॅनियम नावाच्या धातूचा छोटा स्क्रू बसवला. त्याला इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांत हाड त्या स्क्रूच्या आट्यांत भरत गेलं आणि त्याला घट्ट धरून बसलं. मग स्क्रूवर पांढरा दात चढवला. चाळीत त्याला सगळे 'कोळणीचा दात' म्हणू लागले. आनंदा तो दाखवण्यासाठी उगीच हसायचा. माझ्यावर तो टेकला तेव्हा मला जुना दात आणि नवा दात यांत फरक कळला नाही, आणि तेवढ्यानं मी खूश झाले.

आता चूक कशी झाली ते नीट ऐका. इस्पितळातून निघताना सांगितलं होतं, या दाताभोवती रोज ब्रश फिरवायचा, बाजूंनी दोरा घालायचा, आणि दर वर्षी दाखवायला यायचं. आनंदा बाकीचे दात घासायचा आणि नेमका हा सोडायचा; दाखवायला तर तो कधी गेलाच नाही. त्याचं म्हणणं असं, की कीड लागते ती खऱ्या दाताला. "स्टीलच्या डब्याला कधी कीड लागलेली बघितलीस?" असं तो रमाबाईला विचारायचा. मलाही ते पटायचं.

काही वर्षांनी माझ्या तोंडावर रक्ताचा बारीक डाग दिसू लागला. वाजवून झालं की आनंदा तो पुसून टाकायचा. एकदा गुणवंतीनं ते पाहिलं.

"हिरडीतून रगत येतंय? मशेरी लाव," ती म्हणाली. "माझी आय लावायची, मी लावतंय. हिरडी कशी दगडासारखी ऱ्हाते."

मशेरी काय असते ते तुमच्यापैकी काहींनी घरात पाहिलं असेल. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजतात, चुरतात आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर चोळतात. आनंदाच्या गावी त्याची आईही लावायची, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं कोळणीच्या दाताच्या हिरडीला ती सकाळ-संध्याकाळ चोळायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, रक्त थांबलं! गुणवंती म्हणाली, "बघ, बोलली व्हती ना?" आनंदा खूश झाला, मीही खूश झाले. आम्हा तिघांनाही वाटलं की रोग गेला.

रोग कुठेही गेला नव्हता. पुढे त्या दाताजवळून मला एक कुबट वास येऊ लागला. नंतर चिकट, पिवळसर पू माझ्या तोंडावर लागू लागला. दुखत काहीच नव्हतं, म्हणून आनंदा बेफिकीर होता. मग एका गणपतीच्या विसर्जनात, लालबागच्या गर्दीत, भर गाण्यात त्यानं मला तोंडातून काढलं आणि थुंकला. त्याचा वरचा ओठ फुगला होता. घरी रमाबाईनं ट्यूबलाइटखाली त्याचं तोंड उघडून पाहिलं.

"अहो, तुमचो दात लांब झालोहा!" ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून गावची भाषा यायची.

दात लांब झाला नव्हता. हिरडी वर सरकली होती.

दुसऱ्याच दिवशी रमाबाई त्याला दादरला डॉक्टर शैला यांच्याकडे घेऊन गेली. त्या हिरड्यांच्या आणि दाताभोवतीच्या हाडांच्या डॉक्टर. आनंदा मला बरोबर घेतल्याशिवाय कुठे जात नसे, म्हणून मीही त्या पांढऱ्या खोलीत पोहोचले. डॉक्टरांनी आधी तो दात हलवून पाहिला. मग एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडीत घातली. ती आत जातच राहिली आणि बाहेर येताना पू घेऊन आली. मग एक्स-रे काढला.

"डॉक्टरबाई, दात खोटा, स्क्रू लोखंडाचा," आनंदा म्हणाला. "मग रोग होतोच कसा?"

"स्क्रू टायटॅनियमचा आहे, आणि त्याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "भिंतीत खिळा ठोकलाय असं समजा. खिळा ठणठणीत आहे, पण भिंत पोखरली गेलीय. दाताभोवती मळ साचला, त्यात जंतू वाढले आणि आतलं हाड खाल्लं गेलं. स्क्रूचे वरचे आटे आता उघडे पडलेत."

"पण मधी रगत थांबलं होतं. मशेरी लावली ना."

डॉक्टरांनी हातातली सळई खाली ठेवली. "आनंदराव, तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून रक्त थांबलं. रोग आतल्या आत चालूच राहिला आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागला नाही. उलट तंबाखूनं त्याला मदतच केली."

मग आनंदानं माझी पेटी पुढे केली आणि हळूच विचारलं, "ही वाजवल्यामुळे झालं का?" त्या क्षणी माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. डॉक्टरांनी पेटीतले माझे तुकडे जोडायला लावले, आनंदा मला कशी धरतो ते निरखून पाहिलं, आणि म्हणाल्या, "नाही. हिनं काही केलेलं नाही." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. दात अजून हलत नाही, म्हणून आशा आहे. हिरडी उघडून आत साफ करावं लागेल, आणि हाडाच्या खड्ड्यात भर घालावी लागेल. पण उघडल्यावर अर्ध्याहून जास्त हाड गेलेलं दिसलं, तर इम्प्लांट काढून टाकणंच शहाणपणाचं. ते काढलं, तर तिथं पुन्हा दात बसवण्याइतकं हाड उरेलच याची खात्री नाही. आणि वरचा पुढचा दात नसला की आनंदासारख्या माणसाची क्लॅरिओनेट संपली.

"कमी गेलं असेल तर?" आनंदानं विचारलं.

"तर मी लढेन. पण मशेरी सुटल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही. आधी सोडा, वरवरची सफाई करून घ्या, काही महिने ब्रश नीट करून दाखवा. मग बघू."

"सोडली," आनंदा म्हणाला.

"घरी जाऊन विचार करा."

"इचार झाला. सोडली."

रमाबाईनं घरातली मशेरी मोरीत ओतली आणि तो काळा तवा भंगारवाल्याला दिला. हे गुणवंतीच्या कानावर गेलं तशी ती टोपली घेऊनच चाळीचे जिने चढून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दात मी दिला, आनि मशेरी पन मीच दिली," ती म्हणाली. मग कनवटीची डबी काढून तिनं रमाबाईच्या हातात ठेवली. "ही पन टाक. ह्यानं सोरली तं मी पन सोरली. बघू कोन आधी हारतंय."

तेव्हापासून रोज सकाळी तिचा फोन येऊ लागला. "लावलीस?" "नाय. तुम्ही?" "नाय. डोका दुखतंय मेला." "माझं पण." एवढंच बोलून दोघं फोन ठेवायची. वर्षानुवर्षं बोटाला लागलेली सवय होती ती, सोडणं सोपं नव्हतं. आनंदा चिडचिडा झाला, त्याचे हात थरथरायचे, जेवणाला चव लागेना. पण दोघांपैकी कुणीही हरलं नाही. आनंदा आरशासमोर उभा राहून त्या एका दाताभोवती छोटा ब्रश असा फिरवायचा, की रमाबाई म्हणायची, "एवढी काळजी माझी कधी नाय घेतलीत."

दिवाळी झाली आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. मला आत नेऊ दिलं नाही. मी रमाबाईच्या मांडीवर, पेटीत, बाहेरच्या बाकावर होते. शेजारी गुणवंती बसली होती आणि अंगठ्यानं मशेरीचं बोट चोळत होती. मधे नुसती पातळ भिंत होती. पाहायला मला येत नव्हतं, पण ऐकण्यात माझा हात कोण धरणार? मी सगळं ऐकलं.

आधी डॉक्टरांचा आवाज आला, "थोडं टोचेल, मग काही कळणार नाही." मग लाळ आणि रक्त ओढून घेणाऱ्या नळीची सुरसुर. मग एक बारीक खरवडण्याचा आवाज, खर्र, खर्र. सडलेला मऊ भाग हाडापासून सोडवत असणार. डॉक्टर मदतनीस बाईंना थोडक्यात सांगत होत्या, "इथे ओढ. अजून. पाणी."

मग खरवडणं थांबलं. आता त्या हाड किती उरलंय ते मोजत असणार हे मला कळलं. रमाबाईनं पेटी पोटाशी इतकी दाबून धरली की झाकण कुरकुरलं. गुणवंतीनं एकवीरेचं नाव घेतलं. माझ्या आत हवा नव्हती, नाहीतर मी ओरडलेच असते. इतकी वर्षं मी त्या दातावर विसंबून होते, आणि आता आत काही मिलिमीटर हाडावर माझं भवितव्य ठरत होतं.

"अर्ध्याच्या अलीकडे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आनंदराव, ठेवतेय."

तोंड उघडं असल्यामुळे आनंदाला बोलता येईना. नाकातून एक "हूं" आलं, आणि मित्रांनो, तो सूर अगदी स्वच्छ होता.

मग छोट्या यंत्राची घरघर सुरू झाली. उघड्या पडलेल्या आट्यांमधून धातूचा नाजूक ब्रश फिरत असणार, वर मिठाचं निर्जंतुक पाणी पडत असणार. स्क्रूवर जंतूंचा थर राहिला तर नवं हाड त्याला धरत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ती घरघर खूप वेळ चालली. थांबली असं वाटायचं आणि डॉक्टर म्हणायच्या, "पुन्हा." मला ती बाई फार आवडली. समाधान होईपर्यंत तोच सूर पुन्हा पुन्हा लावणारी माणसं मला ओळखू येतात. शेवटी, नंतर रमाबाईकडून कळलं, त्यांनी खड्ड्यात हाडाची बारीक पूड भरली, तिच्यावर पातळ पडदा झाकला आणि हिरडी पूर्ववत बसवून टाके घातले.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सूचना दिल्या. काही दिवस पेज आणि मऊ भात. टाके काढल्यावर पुन्हा तीच सफाई. आणि फुंकायचं नाही. क्लॅरिओनेट तर नाहीच, पण गरम चहासुद्धा फुंकून प्यायचा नाही. आत भरलेलं सगळं कोवळं आहे. सहा महिन्यांनी एक्स-रे, तोवर कडक बंदी.

मला माळ्यावर ठेवलं. एवढे दिवस मी कधीच मुकी राहिले नव्हते. माझ्या गाद्या सुकल्या, सांध्यांवरचं बूच तडकलं. खाली आनंदा बशीत चहा ओतून तो निवायची वाट बघत बसायचा. त्याच्या मनातही माझ्यासारखंच चाललं असेल, आपण पुन्हा वाजू का?

बंदी उठायच्या आधीच गुणवंतीच्या धाकट्या लेकीची, तुळसाची हळद आली. गुणवंतीच्या घरी बँड वाजायच्या आधी वाद्यांना हळद लावतात, म्हणून आनंदा मलाही घेऊन गेला. वाजवायला दगडू मास्तरांनी शिवडीचा दुसरा माणूस आणला होता. तो बरा वाजवत होता, पण नुसता बरा. संध्याकाळी मांडव भरला, तुळसा पाटावर बसली, आणि तिच्या लहानपणापासूनचं आवडतं गाणं त्या माणसाला येत नव्हतं. लोक ओरडू लागले, "आनंदा! आनंदा!" मास्तर त्याच्याकडे बघत होते. मग गुणवंती स्वतः आली. नव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू, डोळे पाण्यानं भरलेले.

"आनंदा, एकच गानं. माझे तुळसेची हलद हाय. एक गान्यानं काय व्हते?"

आनंदानं मला जोडलं. पत्ती जिभेवर ओली केली. मी किती आतुर झाले होते म्हणून सांगू! त्यानं मला ओठांपर्यंत नेलं, आणि खाली घेतलं.

"गुणवंतीबाय, दात तुम्ही दिलात," तो म्हणाला. "म्हणूनच नाय वाजवत."

मला त्याचा भयंकर राग आला. इतक्या लोकांसमोर, हळद लावलेल्या अंगानं मला परत पेटीत जावं लागलं. गुणवंतीचा चेहराही पडला. ती वळली. आनंदा मात्र उठला, मांडवाच्या मध्यभागी गेला आणि ते गाणं तोंडानं म्हणू लागला. फुंक नाही, नुसता गळा. त्याचा आवाज बसका होता. पण सगळ्या बायकांनी ते उचललं, तुळसा रडायला लागली, आणि शेवटी गुणवंती टाळ्या वाजवत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आज सांगते, त्या दिवशी तो बरोबर होता आणि मी हट्टी होते.

ठरल्या वेळी एक्स-रे झाला. डॉक्टर शैला यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. आधीच्या चित्रात स्क्रूभोवती काळी वाटी होती. नव्या चित्रात ती वाटी बरीचशी भरली होती.

"सगळं नाही भरलं," त्या म्हणाल्या, "पण पू नाही, रक्त नाही, आणि हाड टिकून आहे. दात राहिला, आनंदराव. आता वाजवायचं म्हणाल तर हाड पूर्वीइतकं नाही, त्या दातावर वाद्याचा जोर नको. दात न टेकवता वाजवता येईल का?"

आनंदा खिन्न हसला. "क्लॅरनेट तशी वाजत नाय, डॉक्टरबाई." मग तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. "सनईवाले वाजवतात. वरचा ओठ पण आत घेतात."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! साठीला टेकलेला माणूस आणि माझ्यासारखं जुनं वाद्य, आम्हाला आता सनईसारखं शिकायचं होतं.

आता पार म्हातारे झालेल्या दगडू मास्तरांनी माझ्या गाद्या बदलल्या आणि सांध्यांना नवं बूच लावलं. पावसाळ्यात लग्नं नसतात, बँड रिकामा असतो. आनंदा रोज गॅलरीच्या टोकाला बसून वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा आणि मला फुंकायचा. मी चिरकायचे. त्याचा ओठ थकून सुटायचा, आतून सोलवटायचा. "अहो, कोंबडं कापताय काय?" रमाबाई आतून विचारायची. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात मलाच वाटलं, पुरे झालं, ठेव मला माळ्यावर. पण तो काही थांबेना. दात वाचवायला ज्यानं चहा फुंकला नाही, तो आता ओठासाठी कसा हार मानणार? मग मीही हट्ट सोडला आणि त्याला साथ दिली. एके दिवशी एक सूर सरळ लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचा लागला. हळूहळू खिडक्या पुन्हा उघडल्या.

नारळी पौर्णिमेला माहीमच्या कोळीवाड्यातून समुद्राला नारळ वाहायला मिरवणूक निघाली. बँडापुढे आनंदा होता, लाल कोटात. त्यानं दोन्ही ओठांत मला धरलं आणि वाजवलं. माझा आवाज पूर्वीपेक्षा मऊ होता. मला तो लगेच आवडला नाही, पण दगडू मास्तर काठी टेकत मागून चालत होते, त्यांनी डोळे पुसले. गाणं मध्येच तुटलं नाही. समुद्रापर्यंत एकदाही तुटलं नाही.

किनाऱ्यावर नारळ फुटले. गुणवंती प्रसादाचा मोठा तुकडा घेऊन आनंदाकडे आली. हात पुढे करता करता थांबली. तो तुकडा तिनं मागे घेतला, दगडावर ठेचून बारीक केला आणि मग त्याच्या तळहातावर ठेवला.

"पुढचे दातानं नको चावू," ती दटावून म्हणाली. "मागनं चाव. हलू चाव."

आनंदा हसला, आणि कोळणीचा दात उन्हात चमकला. तो आता माझ्यावर कधीच टेकत नाही. मला त्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण तो जिथल्या तिथे आहे, म्हणूनच आनंदाचा ओठ जागेवर आहे आणि मी बोलते आहे.

म्हणून मित्रांनो, कळकळीनं सांगते. हिरडीतून रक्त आलं तर ते पुसून टाकू नका, दाबून टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. दात खरा असो की बसवलेला, त्याच्याभोवती रोज ब्रश फिरवा. आणि तुमच्या घरात आजी, आई, मावशी कुणी हिरडीला मशेरी चोळत असेल, तर त्यांच्यावर हसू नका, ओरडू नका. गुणवंतीनं वाईट मनानं काही केलं नव्हतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगा. त्यांच्या शेजारी बसा, त्यांचं ते बोट हातात धरा, आणि त्या सोडेपर्यंत तुम्ही सोडू नका.